डासाएवढा रेटा

प्रयोगशाळेत तिला सगळे काटेबाई म्हणत. आडनावाशी त्याचा काही संबंध नव्हता. अवकाशयानांची नवी इंजिनं किती जोरानं ढकलतात हे मोजायचा काटा तिच्या ताब्यात होता, आणि त्याला बोट लावायचं तरी आधी तिला विचारावं लागे, म्हणून काटेबाई. संचालकसुद्धा विचारून मगच आत पाऊल टाकत.

काटा म्हटलं की लोकांना किराणा दुकान आठवतं. हा काटा एका मोठ्या पोलादी टाकीत होता. आडवी ठेवलेली, दोन माणसं आरामात उभी राहतील एवढी टाकी. पंप लावून तिच्यातली हवा काढून घेतली की आत अवकाशासारखी पोकळी व्हायची. टाकीच्या आत पातळ पोलादी पट्ट्यांवर टांगलेला एक झोपाळा होता. झोपाळ्यावर इंजिन बांधायचं, सुरू करायचं, आणि झोपाळा केसाच्या जाडीपेक्षाही कमी सरकला तरी लेझरचा किरण ते टिपायचा. बाहेर पडद्यावर एक हिरवी रेघ असायची. रेघ वर चढली म्हणजे इंजिन ढकलतंय.

तिथे येणारी इंजिनं आगीचे लोळ सोडणारी नव्हती. विजेच्या जोरावर झेनॉन वायूचे कण मागे फेकणारी, निळसर झोताची, अबोल इंजिनं होती ती. वहीचा एक कागद तळहातावर ठेवला तर जेवढा भार जाणवेल, तेवढा त्यांचा रेटा. पाहुणे हे ऐकून हसायचे. मग काटेबाई म्हणायची, “हसा. पण वर हवा नाही, घासायला काही नाही. हाच कागदाएवढा रेटा महिनोन्‌महिने देत राहा आणि मग बघा यान कुठल्या कुठे गेलेलं असतं.”

पाहुणे गप्प व्हायचे. एकच माणूस कधी गप्प झाला नाही. तो तिचा मामा.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. उभी हयात टीव्हीच्या प्रक्षेपण केंद्रात गेली. मनोऱ्यावर चढणं, लहरी सोडणारी यंत्रं सांभाळणं, टेपची यंत्रं दुरुस्त करणं, यातच केस पांढरे झाले. काटेबाई लहान असताना तिच्या हातात पहिला स्क्रू-ड्रायव्हर त्यानंच दिला होता, आणि घरातला चांगला चालणारा रेडिओ तिनं उघडून ठेवला तेव्हा बहिणीची बोलणीही त्यानंच खाल्ली होती. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, मामानं अवकाशयानाचं इंजिन करायला घेतलं.

त्याची कल्पना अशी: तांब्याचं एक भांडं, एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळतं, दोन्हीकडून बंद. आत सूक्ष्मलहरी सोडायच्या, जेवण गरम करायच्या ओव्हनमध्ये असतात तशाच. लहरी रुंद टोकावर जास्त दाब देतील, निमुळत्या टोकावर कमी, आणि त्या फरकानं भांडं पुढे सरकेल. मागे काहीही फेकायचं नाही. म्हणजे इंधन न्यायला नको. म्हणजे सूर्यमाला ओलांडून पार ताऱ्यांपर्यंत जाता येईल.

हे भांडं जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून बसलं होतं, त्यामुळे मामा-मामी मांडीवर ताट घेऊन जेवत. मामी त्याला हंडा म्हणायची. ती पोहायला शिकवायची. तलावाच्या काठावरून ओरडून ओरडून तिचा आवाज असा झाला होता की घरातलं साधं बोलणंही शेजाऱ्यांपर्यंत जाई.

“माझ्याकडं पाच वर्षांची पोरं येतात,” ती म्हणायची, “त्यांनाही पहिल्या दिवशी कळतं. पुढं जायचंय ना, मग पाणी मागं ढकल. ह्यांना मात्र काही न ढकलता पुढं जायचंय. बरोबरच आहे म्हणा, ढकलायला मी आहे ना इथं!”

काटेबाईचंही मत वेगळं नव्हतं. “मामा, गाडीत बसून आतून समोरची काच ढकलली तर गाडी चालेल का?” तिनं एकदा विचारलं होतं.

“नाही चालणार.”

“मग?”

“मग तू माझं भांडं मोजलंयस का?”

“मोजायला कशाला हवं? न्यूटनचा नियम...”

“ठमे,” मामा म्हणाला. लहानपणापासून तो तिला ठमीच म्हणायचा. “नियम मला ठाऊक आहे. मी विचारतोय, मोजलंयस का?”

 मोजणं हाच जिचा धंदा, तिनंच न मोजता नाही म्हणावं हे तिला दिवसभर टोचत राहिलं.

पुढे असं झालं की झेनॉनच्या एका इंजिनाचा सुटा भाग यायला उशीर झाला आणि टाकी रिकामी पडली. काटेबाईनं धीर करून संचालकांना विचारलं. संचालक सडपातळ, कमी बोलणारे गृहस्थ होते. बिनइंधनाच्या इंजिनाची पत्रं त्यांच्याकडे सारखी येत आणि ते प्रत्येकाला सभ्य नकार पाठवत.

“मामा म्हणालात?” त्यांनी विचारलं.

“हो सर. सख्खा मामा.”

“म्हणजे नाही म्हटलं तर घरी तोंड दाखवायची पंचाईत तुमची.” ते थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. “मी इतकी वर्षं ह्या लोकांना नाही म्हणतोय, पण मोजून एकदाही म्हटलेलं नाही. आणा त्यांना. टाकी गंजत पडण्यापेक्षा बरं.”

मामा हंडा घेऊन आला तो चाकांच्या सुटकेसमधून, जुन्या मऊ रजईत गुंडाळून. दारावरच्या रखवालदारानं सुटकेस उघडायला लावली, तांब्याचं भांडं बघून विचारलं, “यात काय असतं?”

“सध्या काही नाही,” मामा म्हणाला. “तोच तर मुद्दा आहे.”

मामानं आल्या आल्या टाकीला एक फेरी मारली. हात मागे बांधून, देवळात फिरावं तसा. पंप कुठल्या जातीचे, पट्ट्या कुठल्या पोलादाच्या, लेझर कुठून येतो, सगळं विचारून घेतलं. तिथे प्लाझ्मावर, म्हणजे विजेनं भारलेल्या वायूवर, काम करणारा एक तरुण शास्त्रज्ञ होता, त्याला सगळे प्लाझ्माराव म्हणत. तो हसू दाबत उभा होता. मामानं त्यालाही सोडलं नाही. “तुमचा निळा झोत निळाच का?” त्यानं विचारलं. प्लाझ्माराव उत्तर द्यायला लागला आणि मामाचे पुढचे प्रश्न संपेचनात, तेव्हा त्याचं हसू आपोआप मागे पडलं.

दुसऱ्या दिवशी हंडा झोपाळ्यावर चढला. त्याच्या शेजारी लहरी तयार करणारी पेटी, आणि पेटीला बाहेरून वीज आणणाऱ्या तारा. दार लावून बोल्ट आवळले. पंप घुमायला लागले. हवा निघून जायला बराच वेळ लागतो; तोवर तिघं पडद्यासमोर बसून राहिले. हिरवी रेघ पाण्याच्या पातळीसारखी सरळ होती.

“देऊ वीज?” काटेबाईनं विचारलं.

मामानं मान हलवली.

तिनं कळ दाबली. रेघ थरथरली आणि वर चढली.

थोडीशीच. पण अगदी स्पष्ट, पायरी चढल्यासारखी. काटेबाईनं कळ बंद केली. रेघ खाली आली. पुन्हा चालू केली, पुन्हा वर. वीज वाढवली, रेघ आणखी वर गेली. तिनं आकडा वाचला. एक डास हातावर बसला तर जेवढा भार पडेल, साधारण तेवढा रेटा.

 मामा आनंदानं उडी मारेल असं तिला वाटलं होतं. तो मात्र जवळची खुर्ची चाचपत मागे सरकला आणि हळूच बसला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद कमी आणि धास्ती जास्त होती.

“मामा, पाणी देऊ?”

“नको.” त्यानं चष्मा काढून पुसला. “मला वाटलं होतं, काही होणार नाही.”

“काय? मग इतकी वर्षं...”

“अगं, वाटणं वेगळं. मोजणं वेगळं.”

त्या दिवशी काटेबाई बस सोडून पायी घरी गेली. डोक्यात नुसतं मोहोळ उठलं होतं. चूक आहे, कुठेतरी चूक आहे, हे ती स्वतःला बजावत होती; आणि त्याच वेळी मनाचा दुसरा कोपरा विचारत होता, खरं असलं तर? खरं असलं, तर डासाएवढा रेटासुद्धा कधीच न संपणारा. यान निघेल आणि वेग घेतच राहील. शाळेत शिकलेलं सगळं पुन्हा लिहावं लागेल. ती रस्ता ओलांडायला थांबली, दिवा हिरवा झाला, पुन्हा लाल झाला, तरी ती तिथेच. मागच्या बाईनं “अहो, जायचंय की नाही?” म्हटल्यावर ती भानावर आली.

चूक शोधायची एक सोपी रीत असते. इंजिन उलटं बसवायचं. खरोखर इंजिनच ढकलत असेल, तर रेटाही उलटा व्हायला हवा. काट्याचीच काही खोड असेल तर रेघ पूर्वीसारखीच वर जाईल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हंडा आणि पेटी, सगळं बिऱ्हाड उलटं फिरवून बसवलं. पंप, बोल्ट, वाट बघणं. कळ दाबली. रेघ खाली गेली.

प्लाझ्मारावच्या हातातला चहा तसाच राहिला. “हे शक्य नाही,” तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, “पुन्हा करा.”

पुन्हा केलं. पुन्हा खाली.

बातमी कॉरिडॉरमधून वाऱ्यासारखी गेली. एरवी ज्यांना काट्याच्या खोलीचा रस्ता माहीत नव्हता अशी माणसं काहीतरी निमित्त काढून डोकावू लागली. संचालक आले, पडद्याकडे बघितलं, मामाकडे बघितलं, आणि एक खुर्ची ओढून बसले. ते बसले हीच मोठी गोष्ट होती.

मामी मात्र फोनवर म्हणाली, “वर गेली, खाली गेली, ते कळलं. जेवले का ते?”

काटेबाईला चैन पडेना. उलटं करून झालं. आता काय केलं तर रेटा दिसायलाच नको? तिनं विचार केला, हंडा आडवा फिरवूया. झोपाळा फक्त पुढे-मागे हलू शकतो. हंड्याचं तोंड भिंतीकडे केलं तर तो ढकलेल भिंतीकडे, आणि पडद्यावर रेघ गपगार पडून राहील. ह्या वेळी पेटी आणि तारा पुन्हा पहिल्या दिवसासारख्या सरळ बसवून तिनं फक्त भांडं वळवलं.

कळ दाबली. रेघ वर चढली. आधी होती तेवढीच.

“आडवासुद्धा ढकलतोय,” कुणीतरी मागून कुजबुजलं.

 भांडं वळलं, पण रेटा वळला नाही, याचा अर्थ काटेबाईला कळला होता. पुढची चाचणी कुठली करायची हे तिला स्वच्छ दिसत होतं, पण ती बोलायला जीभ रेटत नव्हती. मामा तिच्या शेजारी बसला होता, शर्टाला तांब्याचे हिरवट डाग लागलेले, आणि खोलीतले सगळे त्याच्याकडे आदरानं बघत होते. असं कुणी त्याच्याकडे पूर्वी कधी बघितलं होतं का, तिला आठवेना. ती पडद्यावरचे आकडे उगीचच पुन्हा पुन्हा वाचत राहिली.

शेवटी मामाच म्हणाला, “ठमे, हंडा काढ.”

“म्हणजे?”

“भांडं खाली उतरव. त्याच्या जागी तेवढीच वीज खाणारी एखादी साधी तापणारी तार लाव. आणि चालव.” तो तिच्याकडे बघत नव्हता. “तुला सुचलंय ते. तोंडावर दिसतंय. तू लहानपणीही खोटं बोललीस की अशीच हातातलं काहीतरी वाचत बसायचीस.”

भांडं उतरवलं. मामानं ते दोन्ही हातांनी धरून मांडीवर घेतलं आणि तो पडद्यासमोर बसला. टाकीत आता इंजिन नव्हतंच. एक पेटी, एक तापणारी तार आणि रिकामा झोपाळा. पंप घुमले, हवा गेली, काटेबाईनं कळ दाबली.

हिरवी रेघ वर चढली. तश्शीच. डासाएवढी.

इंजिन मामाच्या मांडीवर होतं आणि रेटा टाकीत होता.

मागे उभी असलेली माणसं एकेक करून पांगली. काहींना काम आठवलं, काहींना फोन आले. संचालक मात्र उठले नाहीत. मामानं हंड्यावरून हात फिरवला, तो शेजारच्या टेबलावर ठेवला, आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. काटेबाईला वाटलं, आता हा उठेल आणि न बोलता घरी जाईल. त्याला थांबवायला शब्द शोधत असतानाच मामा म्हणाला,

“बरं, मी नाही ढकलत. मान्य. पण मग ढकलतंय कोण?”

प्लाझ्माराव म्हणाला, “काका, तो काट्यातला दोष असणार. शोधून दुरुस्त करू.”

“दोष म्हणजे काय? रेघ वर जाते म्हणजे कुणीतरी ढकलतंय. भूत तर नाही ना? त्याचं नाव सांगा मला.”

हा प्रश्न बरोबर होता, आणि काटेबाईला तो आधी सुचला नव्हता. मग शोध सुरू झाला. एखाद्या घरात कसलासा वास येतोय आणि सगळे मिळून तो हुंगत फिरतात, तसे ते चौघं त्या टाकीभोवती फिरले. उरल्यासुरल्या हवेचा झोत असेल? पोकळी वाढवून बघितली, रेटा तोच. तापून पट्टी वाकत असेल? मग रेघ हळूहळू चढली असती, ही तर कळीबरोबर उडी मारते. लोखंडाचा तुकडा कुठे खेचला जातोय? नव्हता. संचालकांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि टाकीच्या खाली वाकून तारांच्या जोडण्या बघू लागले. त्यांना असं गुडघ्यावर बसलेलं तिथे कुणीच पाहिलं नव्हतं.

“विजेची तार आत कुठून जाते?” मामानं विचारलं.

“डावीकडून.”

“आणि परत?”

“परतीची उजवीकडून बाहेर पडते. तशी सोय...” काटेबाई बोलता बोलता थांबली.

वीज वाहणारी तार चुंबकाजवळ नेली की तिला धक्का बसतो. शाळेतला प्रयोग. आणि टाकीच्या आसपास एक चुंबक होतं, जे बंद करता येत नाही, हलवता येत नाही, आणि म्हणून कुणाच्या ध्यानातही येत नाही. ज्याच्यामुळे होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते, ते.

सगळं बिऱ्हाड उलटं केलं तेव्हा ताराही उलट्या झाल्या होत्या, म्हणून रेटा उलटा झाला. नुसतं भांडं वळवलं तेव्हा तारा पहिल्या जागीच होत्या, म्हणून रेटा तसाच राहिला. तिनं टाकी उघडली, दोन्ही तारा एकाच बाजूनं आत घेतल्या आणि वेणीसारखा पीळ घालून एकमेकींना गुंडाळल्या. आता एक जेवढं पुढे ढकलेल, तेवढंच दुसरी मागे ओढेल. दार लावलं, पंप लावले.

कळ दाबली. रेघ हलली नाही. वीज वाढवली. ढिम्म.

“पृथ्वी,” काटेबाई म्हणाली. “मामा, पृथ्वी ढकलत होती.”

मामानं एकदा टाकीकडे बघितलं, एकदा पायाखालच्या फरशीकडे. मग त्याच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते बघून तिचं मन एकदम हलकं झालं. लहानपणी रेडिओच्या पाठीमागचं झाकण काढल्यावर यायचं तसलंच होतं ते.

“थांब, थांब,” तो म्हणाला. “हे चुंबकत्व फक्त जमिनीवर आहे, की वर आभाळातही?”

“वरही आहे. उपग्रह फिरतात तिथे थोडं कमी, पण आहे.”

“मग उपग्रहाला लांबलचक तार लटकवली आणि तिच्यात वीज सोडली, तर इंधन न जाळता तो पुढं जाईल?”

प्लाझ्माराव आणि काटेबाईनं एकमेकांकडे बघितलं.

“जाईल,” प्लाझ्माराव म्हणाला. “काका, ही कल्पना जुनी आहे. लोकांनी वर नेऊन करूनही बघितली आहे.”

काटेबाईला वाटलं, तो आता पुन्हा खचेल. पण मामानं खुर्ची प्लाझ्मारावच्या जवळ ओढली. “जुनी असेना. मला तर आजच कळली. पण एक सांगा, परतीच्या तारेचं काय? आत्ता पीळ घातला तर सगळं शून्य झालं. तिथंही जाणारी-येणारी तार असणारच की. मग तिथंही शून्य.”

“तिथं परतीची तार नसते,” प्लाझ्माराव म्हणाला. आता तोही खुर्चीच्या कडेला आला होता. “त्या उंचीवर अगदी विरळ हवा असते आणि तिच्यात विजेचे मोकळे कण फिरत असतात. तारेच्या एका टोकानं ते गोळा करायचे, दुसऱ्या टोकानं सोडून द्यायचे. वीज तारेतून जाते आणि आभाळातून परत येते.”

“म्हणजे परतीची तार आभाळ धरतं.”

“असं म्हणा हवं तर.”

“आणि फुकट? इंधन काहीच नाही?”

“फुकट कुठलं,” काटेबाई म्हणाली. “वर चढायचं तर सौर पॅनेलमधून वीज द्यावी लागते. आणि ढकललं जातंच, मामा. यान पुढे गेलं की पृथ्वी तेवढ्याच जोरानं मागे ढकलली जाते. फक्त ती इतकी जड की तिला पत्ताच लागत नाही. काही न ढकलता कुणी पुढे जात नाही.”

 “हे घरी बोलू नकोस,” मामा म्हणाला. “तुझ्या मामीला आयुष्यभराचं कोलीत मिळेल.”

त्या आठवड्यात काटेबाईनं अहवाल लिहिला. संचालकांनी तो वाचून पहिल्या पानावर मामाचं नावही घालायला सांगितलं. “चाचणीत स्वतःचं इंजिन काढून ठेवायला सांगणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला,” एवढंच ते म्हणाले. मामानं हंडा रजईत गुंडाळला, घरी नेला आणि जेवणाचं टेबल मोकळं केलं. टेबलावर ताट ठेवून जेवताना दोघांनाही सुरुवातीला चुकल्यासारखं वाटे, असं मामी सांगायची.

पण मामा काही स्वस्थ बसणारा नव्हता. प्लाझ्मारावकडे एक छोटं काम रेंगाळत पडलं होतं: मेलेल्या उपग्रहांना खाली ओढायची ॲल्युमिनियमची फीत. चॉकलेटच्या चांदीइतकी पातळ, पण उलगडली तर अख्ख्या गल्लीच्या टोकापर्यंत जाईल एवढी लांब. वर पृथ्वीच्या चुंबकत्वातून धावताना तिच्यात आपोआप वीज उठते आणि तीच उपग्रहाला मागे ओढते. ही फीत न अडकता रिळावरून सुटायला हवी होती आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. मामा आठवड्यातून एकदा यायला लागला. टेपच्या यंत्रांत आयुष्य गेलेलं, त्यामुळे त्यानं मोठ्या तोऱ्यात रिळाला एक ब्रेक करून दिला. पहिल्याच चाचणीत फीत भर्रकन सुटली आणि कॉरिडॉरमध्ये ती सोडवता सोडवता सगळ्यांच्या नाकी नऊ आले. एक टोक तर छताच्या पंख्यात गेलं. दुसऱ्या ब्रेकनं फीत सुटलीच नाही. त्यानंतर मामा आणि प्लाझ्माराव खूप भांडले, एकमेकांशी दोन आठवडे बोलले नाहीत, आणि तिसऱ्या वेळी दोघांनी मिळून जो केला तो चालला.

फीत वर गेली त्याला पुढे बराच काळ लागला. बुटांच्या खोक्याएवढा उपग्रह, दुसऱ्याच कुणाच्या मोठ्या यानाबरोबर पाहुण्यासारखा गेलेला. फीत उलगडल्याचा निरोप आला त्या दिवशी प्रयोगशाळेत टाळ्या झाल्या. नंतर रोज त्याची उंची येत राहिली, आणि ती रोज थोडी कमी होत होती. फीत ओढत होती. ठरल्यासारखं.

काही दिवसांनी त्यांनी तो प्रयोग केला ज्याची मामा वाट बघत होता. सौर पॅनेलची वीज फितीत उलट्या बाजूनं सोडायची, आणि उपग्रह चढतो का बघायचं. त्या सकाळी मामी पण आली, पहिल्यांदाच, तलावावरून थेट, केस अजून ओले. काटेबाईनं तिला आपल्या शेजारी बसवलं. पडद्यावर ह्या वेळी आकडे होते. घसरत होते. घसरता घसरता थांबले. मग बराच वेळ काहीच झालं नाही, आणि मग शेवटचा आकडा एकानं वाढला.

प्लाझ्मारावनं टेबलावर मूठ आपटली. मामा हसत होता आणि डोळे पुसत होता. एवढीशीच चढण होती ती. पुढच्या फेरीत वीज कमी पडली आणि आकडा पुन्हा उतरू लागला. अजून पुष्कळ काम बाकी होतं. पण तो चढला होता, हे सगळ्यांनी बघितलं होतं.

“म्हणजे हा पृथ्वीला ढकलून वर गेला,” मामी म्हणाली.

“हो,” मामा पडेल आवाजात म्हणाला. टोमणा येणार म्हणून त्यानं मान खाली घातली होती.

पण मामी पडद्याकडेच बघत होती. “आणि पृथ्वीपासून लांब गेल्यावर? मग तर ढकलायला काहीच नाही.”

“मग नाही चालत हे,” काटेबाई म्हणाली.

“दुसऱ्या ग्रहांना असतं का असं चुंबक?”

“काहींना असतं. गुरूचं तर प्रचंड आहे. पृथ्वीच्या कितीतरी पट.”

“मग तिथं नेऊन का नाही बघत?”

 काटेबाई प्लाझ्मारावकडे बघू लागली, प्लाझ्माराव मागे उभ्या संचालकांकडे. मामानं वर बघितलं, बायकोकडे नव्यानंच भेटल्यासारखं बघत राहिला, आणि मग आपली खुर्ची तिच्याजवळ ओढून म्हणाला, “अगं, परत विचार बरं. नीट, सावकाश विचार.”